आवतण दिलेली जोडी

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी निर्मलहून माहेरी निघाले. आदिलाबादला बस सोडली, पुढे ऑटो केला आणि गावाच्या फाट्यावर उतरले, तर समोर दादा उभा. दादा म्हणजे दादाचा फ्लेक्स. दोन विजेच्या खांबांमध्ये ताणून बांधलेला. वर तेलुगूत शुभेच्छा, खाली मराठीत शुभेच्छा, आणि नावाच्या आधी ‘युवा नेते’. ज्याची मुलगी कॉलेजात शिकते त्यानं स्वतःला युवा म्हणवून घ्यायला धाडस लागतं, आणि ते माझ्या भावात पहिल्यापासून भरपूर. काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी, शर्ट असा पांढरा की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मला हसू फुटलं. ऑटोवाल्यानं विचारलं, “मॅडम, तुमचे कोन?” मी म्हटलं, “भाऊ आहे. आता काय करता!”

मग मी फोटोतल्या दादाच्या मागे उभे असलेले बैल पाहिले आणि हसू जागच्या जागी थांबलं. पांढरेशुभ्र, ताठ लांब शिंगांचे, भरल्या खांद्यांचे. आमचे बैल असे नव्हते. आमचा एक तांबूस, एक करडा. तांबड्याच्या एका शिंगाचं टोक मोडलेलं. दोघंही आमच्याच गोठ्यात जन्मले, वडिलांच्या हाताखाली नांगराला लागले आणि वडील गेल्यावर म्हातारे झाले. दादानं ट्रॅक्टर घेतल्यापासून त्यांना काम असं नव्हतंच. खायचं, उन्हात उभं राहायचं आणि मायची बडबड ऐकायची, एवढंच.

खरी गोष्ट मला वहिनीनं सांगितली. फ्लेक्स छापायला दादा आदिलाबादला गेला तेव्हा त्यानं दुकानात फक्त स्वतःचा फोटो दिला. बैलांचा फोटो द्यावा लागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि आलं असतं तरी कुठून देणार? त्याच्या फोनमध्ये गाडीचे फोटो ढीगभर. गाडी समोरून, गाडी बाजूनं, गाडीचं दार उघडून त्याला टेकलेला दादा. बैलांचा एकही नव्हता. फ्लेक्सवाला काही मराठी जाणणारा नव्हता, त्यानं पोळा म्हणजे बैल एवढं ओळखलं आणि आपल्या कॉम्प्युटरमधली एक झकास जोडी उचलून दादाच्या मागे चिकटवली. दादाला ती इतकी आवडली की त्यानं तसाच फ्लेक्स गुंडाळून आणला.

गावानं मग काय सोडायचं? पारावरच्या एकानं म्हटलं, “बापू, बैल कोन्या साबनानं धुतले रे? रंगच बदलून गेला.” दुसरा म्हणाला, “शिंगं बी वाढले भौ, काय चारून राह्यला?” दादा त्यांच्याबरोबर हसला म्हणे. पण घरी येऊन जेवला नाही.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा भाऊ कुणाला नुसता पोकळ माणूस वाटेल, आणि तो तसा नाही. मला सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत सोडणारा तोच. शिक्षिका होण्यासाठी मला बाहेरगावी शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा वडिलांसमोर उभा राहिलेला तोच. दादा तरुण असताना जमिनीच्या पट्ट्याच्या कामासाठी वडिलांबरोबर तहसीलला जायचा. तिथं वडिलांना कोणी बस म्हणत नसे. धोतर, टोपी, पायांत चिखल, बोलणं मराठी. भिंतीला टेकून दिवस जायचा, आणि साहेब उठून जेवायला गेले की उद्या या. वडील गेल्यावर दादा त्याच कचेरीत पांढरा शर्ट घालून, गाडीतून उतरून गेला, तेव्हा शिपायानं खुर्ची पुसून दिली. हे मला सांगून तो म्हणाला, “बाई, मानसाले कोनी ओयखत नाई. गाडीले ओयखते. बाबाले हे समजलंच नाई.” त्या दिवसापासून तो ओळखीच्या मागे लागला तो लागलाच. आधी मोटरसायकल, मग ट्रॅक्टर, मग ती उंच पांढरी गाडी, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक त्यानं कधी काढू दिलं नाही. त्याचं दुःख मला समजायचं. त्याचा इलाज मात्र मला कधी पटला नाही, आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगत आले आहे.

तर पोळ्याचा मान आमच्या घराचा. तोरणाखालून पहिली जोडी आमची जायची, मग बाकीच्यांच्या. आजोबांपासून चालत आलेलं. आता गावात बैलच कमी झालेत, तोरणाखाली पूर्वी गर्दी मावत नसे तिथं आता जोड्या हातांच्या बोटांवर मोजाव्यात. पण मान तो मान. यंदा दादानं आदिलाबादहून पाहुणे बोलावले होते. एक पुढारी, त्यांच्याबरोबरची चार मोठी माणसं. ‘आमच्या घरची जोडी बघायला या’ म्हणून. फ्लेक्स त्यांनी फोनवर पाहिलेला होता.

मी चहा घेत होते तेव्हा दादा जवळ येऊन बसला. “बाई, फोटोतले बैल अन आपले, लय फरक दिसते काय वं?”

“फोटोतल्या तुझ्यात अन तुझ्यात फरक दिसते,” मी म्हटलं, “बैलांचं काय घेऊन बसलास?”

एरवी तो हसला असता. तो उठून बाहेर गेला आणि गोठ्याच्या दाराशी उभा राहून त्या दोघांकडे बघत राहिला.

संध्याकाळी खांदशेकणी झाली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं तिथं गरम हळद आणि लोणी पळसाच्या पानानं चोळायचं, आणि मग दोन्ही बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. हे काम बहुतेक घरांत पुरुष करतात. आमच्याकडे वडील करायचे. वडील गेल्यावर माय करते. ह्या दोघांच्या खांद्यांना कित्येक वर्षांत जू लागलेलं नव्हतं, तरी माय अशी चोळत होती जशी काही आजच चार एकर नांगरून आलेत. “इकडं मान कर. हं. तुह्यं झालं, आता त्याले येऊ दे,” असं तिचं चाललेलं. करडा तिच्या पदराला तोंड पुसत होता. शेवटी तिनं दोघांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दरवर्षी ती हे म्हणते आणि दरवर्षी मी ऐकते. हे शब्द गंमत म्हणून कोणी म्हणत नाही. आमच्याकडे आवतण दिलं की ते दिलं. माणसाला दिलेलं आवतण एखादे वेळी कोणी मोडेल, बैलाला दिलेलं मोडत नाहीत. त्यांना काही बोलता येत नाही म्हणून.

सकाळी दादा लवकर उठला. “माय, यंदा मी सोता धुतो त्याइले, तिकडूनच सजवून नेतो तोरनाखाली,” म्हणाला आणि झूल काखेत मारून, दोन्ही दावी सोडून नाल्यावर घेऊन निघाला. मायला इतका आनंद झाला की ती दारापर्यंत त्याच्या मागे गेली. “कानात पानी नको जाऊ देजो रे करड्याच्या,” तिनं ओरडून सांगितलं. मग घरात येऊन पुरण वाटायला बसली. मी लाटत होते, ती भाजत होती. बैलांच्या पोळ्या ती वेगळ्या ठेवत होती, जाड, भरपूर पुरणाच्या, कारण म्हणे तांबड्याचे दात आता नीट राहिले नाहीत, त्याला मऊ लागतं. सारा वेळ ती दादाचं कौतुक करत होती. “पाय, कितीबी मोठा झाला तरी लेकराचा जीव हाये त्याइच्यावर.”

दुपार कलली तेव्हा दफडी वाजायला लागली आणि त्यात कोणाचा तरी डीजे. पोळा भरला त्या मैदानाला लागून शाळा आहे. तिथल्या व्हरांड्यात आम्ही बाया उभ्या राहिलो. माय घरीच थांबली होती, कारण बैल दारी आले की ओवाळायला घरचीच बाई लागते. तोरण बांधलेलं होतं, पाहुण्यांच्या गाड्या एका बाजूला लागलेल्या. पहिली जोडी पुढे आली. अंगावर आमची झूल. मायनं आरसे लावून शिवलेली, लाल कापडाची. मला आधी झूलच दिसली आणि मी शेजारणीला म्हटलं, “आमचे आले.”

मग त्या झुलीखाली पांढरे पाय दिसले.

झूल त्यांना आखूड पडत होती. बैल उंच होते, तरणे होते, शिंगांना बेगड, गळ्यात नवे घुंगरू. डीजेच्या आवाजानं ते सारखे बिचकत होते आणि दोघाजणांनी त्यांना नाकाशी घट्ट धरलं होतं. दादा काळा चष्मा लावून पुढे. पाहुणे फोन उंच करून फोटो काढत होते.  पारावर चेष्टा करणाऱ्यांपैकी एकजण तर म्हणाला, “म्हनजे फोटो खराच होता.”  आमची जोडी कुठे आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. इचोड्याला म्हाताऱ्या जनावरांचा व्यापार करणारा एकजण आहे, तो नवी जोडी देतो आणि जुनी घेऊन जातो. दादानं त्याच्याशी बोलणं केल्याचं वहिनीला माहीत होतं. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि तिनं मान खाली घातली. “मी नाई म्हनलं होतं, वन्सं. ऐकलंच नाई,” एवढंच ती बोलली.

मला एकच सुचलं. बैल दारी जायच्या आधी मायला सांगायला हवं. मी तशीच निघाले. पण तोरण तुटलं, जोड्या सुटल्या, आणि आमची गल्ली ती केवढी! पुढे डीजेची गाडी, मागे बैल, त्यामागे पाहुणे. मी “सरका, सरका” करत, शिव्या देत, कोपरानं वाट काढत गेले. माझ्या शाळेतल्या पोरांनी मला तसं पाहिलं असतं तर पुन्हा माझं ऐकलं नसतं. मी दाराशी पोचले तेव्हा माय ताट घेऊन उंबऱ्याबाहेर आलेली होती.

ती समोर बघत होती. आधी तिनं बैलांच्या मागे बघितलं. आपली जोडी मागून येत असेल असं तिला वाटलं असणार. मग तिनं झूल पाहिली. मग दादाकडे.

“थे कुठी हायेत?”

“माय, पाय तरी कशी जोडी आनली,” दादा म्हणाला. तो खूश होता. खरंच खूश होता, आणि मला आजही तेच सहन होत नाही. त्याला वाटलं होतं की मायला आवडेल.

“आपले कुठी हायेत, बापू?”

“देल्ले,” तो आवाज खाली करून म्हणाला. “मंग सांगतो सारं. आता पाहुने पाहून राह्यले. जरासी हास नं.”

माय हसली नाही. पण ती आतही गेली नाही. फोनच फोन तिच्याकडे रोखलेले होते. एका पाहुण्यानं “अम्मा, इधर देखो” म्हटलं. तिनं वाकून त्या परक्या बैलांच्या पायांवर पाणी घातलं. कपाळाला कुंकू लावायला हात नेला तर बैलानं मान झटकली, त्याची तिची ओळख नव्हती. तिनं पुन्हा हात नेला. पोळी पुढे केली. त्यानं ती हुंगली आणि खाली पाडली. माय खाली बसली, चिखलातली पोळी उचलून तिनं पदराखाली धरली, आणि दुसरी दिली. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही हे तिच्याकडून तशा वेळीही सुटलं नव्हतं.

मी तोंड उघडणार होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

पाहुणे चहा घेऊन गेले, अंगण रिकामं झालं, आणि मग मी दादाला जे बोलायचं ते बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एका छापलेल्या कागदासाठी तू घरचं जित्राब विकलंस, असं म्हणाले. कागद नाही, प्लॅस्टिक आहे ते, असंही म्हणाले, कारण संताप आला की मी नेमकं बोलते. तोही चिडला. “तू निर्मलले राहतं. इथी माह्यावर हासते लोक. बाबाचा मान होता थो. म्हाताऱ्या बैलाइले घेऊन पहिल्या नंबरवर उभा राहू काय, पाहुन्याइच्या पुढी?”

“बाबा त्याच बैलांना घेऊन उभे राहायचे.”

“म्हनून बाबा भितीले टेकून उभे राह्यले जिंदगीभर!”

 माय चुलीशी बसलेली होती. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “म्या आवतन देल्लं होतं रे त्याइले.” दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याला हे आठवलंच नव्हतं. खांदशेकणीच्या वेळी तो अंगणातच होता, फोनवर बोलत. सकाळी त्यानं दोघांना नाल्यावर नेऊन खरंच धुतलं होतं, त्याचा शर्ट चिंब झाला होता म्हणे, आणि मग तिथूनच व्यापाऱ्याच्या गाडीत चढवलं होतं. आपण जेवायला बोलावलेल्यांना दारातून परत पाठवतो आहोत हे त्याच्या मनात आलं नव्हतं. तो बाहेर गेला.

त्या दिवशी माय जेवली नाही. आवतण दिलेले पाहुणे जेवल्याशिवाय घरची बाई जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून, हातात फडक्यात बांधलेल्या पोळ्या घेऊन दाराशी उभी. “चाल वं. इचोड्याले जाऊ.” दादा म्हणाला, गाडीनं सोडतो. माय म्हणाली, “तुही गाडी नको.” आम्ही ऑटोनं फाट्यावर आलो. फ्लेक्सखाली बसची वाट बघत उभ्या राहिलो, पण तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

बसमध्ये ती बोलत होती. ओळखतील का मला, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, न ओळखायला काय झालं. परत आणायचे तर कसे आणायचे, ह्याचा विचार तिनं करून ठेवला होता. पायी आणायचे. हमरस्त्यानं नाही, ट्रक फार असतात, आतल्या गावांतून. वाटेत मुक्काम करू, म्हणाली, सोयरे आहेत. मी खिडकीबाहेर बघत होते. कापसाची शेतं, मग सागाची झाडं, मग पुन्हा कापूस. म्हातारी जनावरं व्यापाऱ्याकडे कशासाठी जातात हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असणार. एवढं आयुष्य तिनं खेड्यात काढलंय. पण ती बोलतच होती.

इचोड्याला ढाब्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक लांब शेड होती. व्यापारी वयस्क माणूस होता. आम्हाला पाहून त्यानं खाट पुढे केली, पाणी आणवलं. मी हिंदीत सांगितलं. एक तांबूस, एक करडा, एका शिंगाचं टोक मोडलेलं, काल सकाळी आणलेले.

त्यानं मायच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “वो तो कल ही चले गए, अम्मा.”

“कुठी गेले? इचार त्याले,” माय मला म्हणाली. तिला हिंदी समजतं, पण त्या घटकेला तिला समजायचं नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, “उधर... किसान लोग ले जाते, अम्मा. काम के लिए.” म्हाताऱ्या, दात पडलेल्या बैलांना कोणता शेतकरी कामासाठी नेतो? पण तो माणूस वाईट नव्हता. त्याला ते बोलताना मान वर करता येत नव्हती.

मायनं “बरं” म्हटलं. ती खाटेवरून उठली आणि शेडमध्ये गेली. तिथं आणखी जनावरं बांधलेली होती, गाई, बैल, सगळी हाडं दिसणारी. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं, शिंगांना रंग नव्हता. म्हणजे पोळ्याच्या आधीच कोणीतरी त्यांना इथं आणून सोडलं होतं. ती एकेकासमोर उभी राहिली. “ह्याइले तरी काल कोनी काई देल्लं असन काय?” म्हणाली. मग तिनं फडकं सोडलं आणि पोळ्या मोडून त्या सगळ्यांना भरवल्या. मऊ, भरपूर पुरणाच्या. सगळ्यांना पुरल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्या तोंडावरून तिनं हात फिरवला. मी शेडच्या खांबाला धरून रडत होते. व्यापारी पाठ करून उभा होता.

परतीच्या बसमध्ये ती एकदाच बोलली. “खरं सांगतलं का वं त्यानं?” मी तिचा हात धरला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा दादा अंगणात बसलेला होता. चष्मा नाही, शर्ट कालचाच. तो उठून मायच्या पुढ्यात आला. एवढा मोठा माणूस, पण त्याला उभं कुठे राहावं ते कळत नव्हतं. “माय, तुले काय पायजे सांग. मी आनून देतो. कायबी सांग. त्याइच्यापेक्षा चांगले आनतो.”

“काई आनू नको, बापू,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “हाये थे ठेवत जाय.”

तो रडला. मी त्याला लहानपणानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण मला त्याची फार दया आली. त्याला माय हवी होती आणि ती कशी मिळवायची हे त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त आणून देणं माहीत होतं.

आणि त्यानं आणलंच. दिवाळीपर्यंत ती पांढरी जोडी विकली गेली, कारण ती नुसती खायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. त्याऐवजी दादानं मायसाठी एक गोऱ्हा आणला. नुकता दूध सुटलेला, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. अगदी शोधून, तांबड्यासारखा आणला होता. कोणाला दाखवायला नाही आणला, त्याचा फोटोही नाही काढला. मला फोनवर सांगितलं, “बाई, आता तिले करमन.” पहिल्यांदाच त्यानं काहीतरी फक्त तिच्यासाठी आणलं होतं. माझ्या मनात आलं, चला, उशिरा का होईना.

संक्रांतीच्या सुटीत मी गेले. गोऱ्हा चांगला पोसलेला होता. अंग चकचकीत, जागा स्वच्छ, गव्हाणीत कडबा कापून घातलेला. पाणी वेळेवर, शेण वेळेवर. वहिनी म्हणाली, माय दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मला बरं वाटलं. सकाळी ती बादली घेऊन गोठ्यात गेली तशी मी मागून गेले. तिची बडबड ऐकायला.

ती बडबड करत नव्हती. तिनं बादली खाली ठेवली आणि मागे सरकली. गोऱ्ह्यानं पाण्याकडे बघितलंही नाही. दावं ताणून, मान लांब करून तो तिच्या हाताकडे जीभ काढत होता. जनावराचं पोर, त्याला कोणीतरी खाजवायला हवं असतं. तिनं दोन्ही हात पदरात घेतले. तो हंबरला. ती तशीच उभी होती, बादली रिकामी व्हायची वाट बघत.

“माय, हात लाव नं त्याले,” मी म्हटलं. “केवढं करून राह्यलं तुह्यासाठी.”

“नाई वं.”

“काऊन?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्या जीव लावला का मंग त्याइले घेऊन जातेत.”

दादा गोठ्याच्या दारात उभा होता. तो कधी आला ते आम्हाला कळलं नाही. मायनं बादली उचलली आणि त्याच्या बाजूनं घरात निघून गेली.